साडेतेराशे ग्रॅमचं अ‍ॅडव्हेंचर हेल्मेट: वजनाआधी काय तपासायचं

प्रश्न असा आहे. विचारणारे गृहस्थ इंदूरचे, राहायला विजयनगरला, नोकरी पीथमपूरला. गाडी साडेचारशे सीसीची अ‍ॅडव्हेंचर. रोजचं येणं-जाणं गाडीवर आणि महिन्यातून एखाद-दोनदा मांडू, महेश्वर किंवा भोपाळ. त्यांना कार्बन शेलचं, म्हणजे कार्बनच्या बाहेरच्या कवचाचं, एक अ‍ॅडव्हेंचर हेल्मेट (समोर चोच आणि पुढे आलेला जबडा असतो ते) आवडलंय, कंपनीने वजन १३५० ग्रॅम दिलंय. दुसरं फायबर शेलचं, १५०० ग्रॅमच्या आसपास, बरंच स्वस्त. दीडशे ग्रॅमसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, आणि ऊन, पाऊस, थंडी तिन्हींत तेच एक हेल्मेट चालेल का? शिवाय मागे पत्नी बसते, तिच्यासाठीही घ्यायचंय, तर तिलाही असंच घ्यावं का?

आधीच सांगतो, मी इंदूरातच रायडिंगचं सामान विकतो आणि रविवारच्या राइडला बहुतेक वेळा सगळ्यात मागे असतो. म्हणजे हेल्मेट विकण्यात माझा फायदा आहे, हे लक्षात ठेवून वाचा. पण मागे राहणाऱ्याला एक गोष्ट आयती कळते: कोण कुठे थांबून काच पुसतोय, कोण मान चोळतोय आणि कोण हेल्मेट आरशाला अडकवून टपरीवर नुसताच बसलाय.

तुमचा प्रश्न वजनाचा वाटतो, पण तो वजनाचा नाही असं माझं मत आहे. दीडशे ग्रॅमचा फरक दुकानात हातात घेतल्यावर लगेच जाणवतो. डोक्यावर चढवल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो बहुधा विसरला जातो. पुढे चार तास मानेला जो त्रास होतो, तो ग्रॅमपेक्षा वाऱ्याचा आणि तोलाचा असतो. आणि इंदूरच्या माणसाची राइड खराब करणारी गोष्ट बहुतेक वेळा मान नसतेच, ती हेल्मेटची काच असते.

इथलं हवामान असं का, हे थोडं सांगायला हवं, कारण हेल्मेटची निवड त्यावरच ठरते. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. मानपूर ओलांडून घाट उतरला की खाली निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा सखल भाग, आणि महेश्वरला नर्मदेच्या काठी पोचेपर्यंत तुम्ही साडेतीनशे-चारशे मीटर खाली आलेले असता. नुसत्या उंचीमुळेच दोन-तीन अंशांचा फरक पडतो. उलट मांडू इंदूरपेक्षाही थोडं उंच, आणि पावसाळ्यात तिथे ढग रस्त्यावर उतरलेले असतात. म्हणजे जुलैतल्या एका रविवारी सकाळी घाटात पाऊस, दुपारी निमाडात चिकट उकाडा आणि परतताना मांडूच्या बाजूने धुकं, हे सगळं एकाच हेल्मेटला एका दिवसात झेलावं लागतं. ऋतूंचं काय घेऊन बसलात, इथे तीन ऋतू एका टाकीच्या पेट्रोलमध्ये होतात.

म्हणून माझा क्रम असा: आधी डोक्याचा आकार, मग प्रमाणपत्र, मग काच आणि पाणी, मग वारा, आणि वजन सगळ्यात शेवटी. वजनाला महत्त्व नाही असं नव्हे. वरच्या चार गोष्टींत दोन हेल्मेटं बरोबरीची ठरली तरच हलकं घ्या.

डोक्याच्या आकाराबद्दल थोडक्यात. टेप भुवयांच्या वर साधारण बोटभर अंतरावरून गोल फिरवून माप घ्या, पण मापावर भरवसा ठेवून ऑनलाइन मागवू नका. घेर सारखाच असला तरी एकाचं डोकं गोल असतं, दुसऱ्याचं पुढून मागे लांबट. लांबट डोक्याला गोल साच्याचं हेल्मेट घातलं की कपाळाच्या मधोमध एक बिंदू दुखायला लागतो आणि कानांच्या वर मात्र मोकळं राहतं. दुकानात निदान वीस-पंचवीस मिनिटं घालून बसा, फोनवर बोला, चहा सोडून काय वाट्टेल ते करा. काढल्यावर कपाळावर लाल ठसा दिसला तर ते हेल्मेट कार्बनचं असो की सोन्याचं, ठेवून द्या. गाल दाबले गेलेच पाहिजेत, गालाचे पॅड वापराने सैल होतात. कपाळाचा दाब मात्र कमी होत नाही. पट्टा बांधून मागच्या कडेखाली बोटं घाला आणि हेल्मेट पुढे लोटून पाहा. डोक्यावरून सुटायला लागलं तर माप मोठं आहे. चष्मा असेल तर चष्मा घालूनच तपासा. काडी आत सरकवताना कानाच्या वर खुपत असेल तर तासाभराने डोकं ठणकणार.

प्रमाणपत्राची गोष्ट. १ जून २०२१ पासून भारतात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. मानक आयएस ४१५१. गंमत म्हणजे मध्यंतरी या मानकात हेल्मेट १२०० ग्रॅमच्या आत असावं अशी अट होती. त्या अटीत चांगली चांगली परदेशी हेल्मेटं बसेनात आणि नंतर ती काढून टाकली गेली. हलकं म्हणजे चांगलं असं सरकारलाही एकदा वाटून गेलं होतं, तेव्हा तुम्हाला वाटलं यात नवल नाही. आयएसआयच्या चिन्हाजवळ सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या भारतीय मानक ब्युरोच्या अ‍ॅपवर टाकून बघा. पेट्रोल पंपावर दाखवण्यापुरती टोपी घेणारे लोक २०२५ च्या ऑगस्टपासून, म्हणजे हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही हा आदेश आल्यापासून, फार वाढले आणि नकली शिक्के मारलेला मालही त्यांच्या मागोमाग आला.

तुम्ही ज्या किमतीचं बघताय तिथे युरोपचं ईसीई प्रमाणपत्रही मिळतं. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेलं लेबल बघा: वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी देशाचा आकडा, खाली मंजुरीचा क्रमांक. तो क्रमांक ०६ ने सुरू होत असेल तर चाचणी २२.०६ या नव्या नियमाने झाली आहे, ०५ असेल तर जुन्या. नव्या नियमात हेल्मेट तिरक्या पृष्ठभागावर आपटून डोकं किती पिळवटतं तेही मोजतात. रस्त्यावर माणूस सरळ खाली क्वचितच पडतो, घसरत-गरगरत पडतो, म्हणून मला ही चाचणी महत्त्वाची वाटते. १३५० ग्रॅमचं हेल्मेट जुन्या नियमाचं आणि १५०० चं नव्या नियमाचं असेल तर माझ्यासाठी प्रश्न तिथेच संपतो. ब्रिटनमध्ये शार्प नावाची सरकारी योजना २००७ पासून हेल्मेटं तपासून एक ते पाच तारे देते. तुमचं मॉडेल त्यात असेल तर तेही बघा. तिथे मधल्या किमतीच्या हेल्मेटांनी महागड्यांना मागे टाकलेलं अनेकदा दिसतं.

आता काच. इथे जरा रेंगाळतो.

आपण सोडतो तो श्वास गरम आणि ओलाव्याने भरलेला असतो. बाहेर पाऊस पडतोय, काच बाहेरून गार झालीय, आत तुमचा श्वास. काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरणारच. उपाय म्हणून आपण काच एक खटका उघडतो, तर पाणी आत. घाटात समोरून ट्रक येतोय, त्याचे दिवे त्या वाफेत फुटून चांदण्यासारखे पसरलेत आणि तुम्हाला रस्त्याची कड दिसत नाहीये, ही परिस्थिती कुठल्याही दीडशे ग्रॅमपेक्षा भयंकर आहे. धामनोदकडे उतरणाऱ्या गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. घाट अर्ध्या नजरेने उतरणं नको.

यावर खरा इलाज पिनलॉकचा. मुख्य काचेच्या आत दुसरी पातळ पारदर्शक काच, कडेला सिलिकॉनची बारीक पट्टी आणि दोन काचांच्या मध्ये अडकलेली हवा. ती हवा आतल्या काचेला बाहेरच्या गारव्यापासून दूर ठेवते, शिवाय आतली काच ओलावा थोडा शोषून घेते. म्हणून विकत घेताना तीन गोष्टी विचारा. काचेवर पिनलॉकच्या दोन पिना आहेत का? पिनलॉक डब्यात येतो की वेगळा घ्यायचा? आणि इंदूरात किंवा निदान मुंबई-पुण्याहून दोन-चार दिवसांत तो आणि बदली काच मिळते का? तिसऱ्या प्रश्नावर बरीच सुंदर हेल्मेटं नापास होतात. अ‍ॅडव्हेंचर हेल्मेटची काच मोठी असते, चरे लवकर पडतात, आणि वर्षभराने काच मिळाली नाही तर ते कार्बनचं शेल शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचं उरतं.

पिनलॉक नाजूक असतो. रुमालाने कोरडा पुसला की चरे पडतात. ओल्या मऊ कपड्याने हलकेच टिपायचा, काच धुण्याचा स्प्रे अजिबात नाही. दोन काचांच्या मध्येच थेंब दिसू लागले तर पिनलॉक खराब झाला असं लगेच समजू नका. पट्टी कुठेतरी टेकत नाहीये. पिना किंचित फिरवून ताण वाढवा, बहुतेक वेळा तेवढ्याने जातं.

पाणी आत येतं ते तीन ठिकाणांहून: काचेच्या वरच्या रबरातून, कपाळावरच्या हवेच्या झडपेतून (व्हेंट) आणि समोरच्या चोचीच्या, म्हणजे पीकच्या, स्क्रूपाशी. हे घरी तपासता येतं. हेल्मेटात वरच्या कडेला टिश्यू पेपर चिकटवा, झडपा बंद करा आणि अंगणातल्या पाइपने समोरून, थोडं वरून, पाच मिनिटं पाणी मारा. टिश्यू कुठे ओला झाला ते बघा. विक्रेता नवीन हेल्मेटवर हा प्रयोग करू देणार नाही, मीही देत नाही. पण तेच मॉडेल वापरणारा कोणीतरी तुमच्या ओळखीत निघेलच.

अस्तराचं कोणी विचारत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरात भिजलेलं जाड अस्तर रात्रभरात वाळत नाही. सोमवारी सकाळी पीथमपूरला जाताना तुम्ही तेच ओलं, आंबूस अस्तर डोक्याला लावणार. तेव्हा अस्तर पूर्ण निघतं का, पुन्हा बसवायला सोपं आहे का, आणि गालाच्या पॅडचा दुसरा जोड मिळतो का, हे विचारा. मी रोज गाडी चालवणाऱ्याला दुसरा जोड घ्यायलाच लावतो. शाम्पूने धुवा, पंख्याखाली वाळवा, हेअर ड्रायर नको. उष्णतेने आतलं थर्माकोल बिघडतं आणि धक्का झेलायचं काम त्याचंच असतं.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज आहे. झडपा जास्त म्हणजे हेल्मेट थंड, असं लोक धरून चालतात. झडप बाहेरून दिसते, पण थर्माकोलमध्ये पुढून मागे कोरलेल्या वाटा नसतील तर हवा जाणार कुठे? अस्तर काढून आत बोट फिरवा, कपाळाच्या छिद्रापासून मागच्या छिद्रापर्यंत खाच लागली पाहिजे. आणि मे महिन्यात निमाडात हवा ४३-४४ अंशांना पोचते तेव्हा ती त्वचेपेक्षा गरम असते. अशी हवा थंडावा देते ती फक्त घाम उडवून. म्हणून पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे हेल्मेटच्या आत घालायची डोकं-मान झाकणारी कापडी टोपी, पाण्यात भिजवून, पिळून घाला. अर्धा-पाऊण तास चांगला जातो, मग पुन्हा भिजवा. घाम संपला, पाणी प्यायला नाही, की कितीही झडपा उघड्या असोत, चक्कर येणारच. शहरात राजवाड्याच्या गर्दीत वगैरे तर कुठलीच झडप काम करत नाही, तिथे काच वर करणं हाच उपाय.

थंडीत उलट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघालात तर पठारावर हात गोठतात. सगळ्या झडपा घट्ट बंद होतात का, हनुवटीखालचा पडदा लावता येतो का, हे तेव्हा कळतं. अ‍ॅडव्हेंचर हेल्मेटचा जबडा पुढे आलेला असल्याने तिथून हवा जास्त शिरते. उन्हाळ्यात हे वरदान, थंडीत शिक्षा. गळ्याला बफ, म्हणजे नळीसारखा कापडी गळपट्टा, गुंडाळला की बरंचसं निभतं, मात्र तो नाकावर चढवू नका, श्वास सरळ वर काचेवर जातो.

आता वारा आणि ती चोच. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून १०० वर गेलात तर रेटा पावणेतीन पटींच्याही थोडा वर जातो. चोच हा त्या रेट्याला पकडायला दिलेला हात आहे. सरळ बघताना चांगल्या चोचीतून वारा छिद्रांमधून निघून जातो, पण मागची गाडी बघायला मान वळवली की चोच आडवी येते आणि मान झटक्याने ओढली जाते. कार्बनच्या हेल्मेटला मोठी चोच आणि फायबरच्याला आटोपशीर असेल, तर शंभरच्या वेगाला जड हेल्मेटच हलकं वाटेल. वजन पुढच्या बाजूला किती आहे तेही बघा. पाण्याची भरलेली बाटली अंगाशी धरली तर काही वाटत नाही, हात लांब करून धरली की खांदा भरतो, मानेचंही तसंच. दुकानात हेल्मेट घालून मान खाली घाला, पुढे पडल्यासारखं वाटतं का बघा.

मग चोच हवीच कशाला? उन्हासाठी आणि समोरच्या गाडीने उडवलेल्या चिखल-खड्यांसाठी. उन्हाचं गणित तुमच्या रस्त्यांवर ठरतं. सकाळी पीथमपूरला किंवा मांडूला जाताना तुम्ही पश्चिमेकडे जाता, सूर्य पाठीशी. संध्याकाळी परत पूर्वेकडे, तेव्हाही पाठीशी. नशीबवान आहात. भोपाळचं मात्र उलटं, जाताना सकाळी समोर, येताना संध्याकाळी आष्टा-सोनकच्छच्या बाजूने येताना पुन्हा समोर. महिन्यातून एकदा भोपाळ असेल तर चोच किंवा आतली काळी काच, दोन्हींपैकी एक हवीच. हलक्या हेल्मेटांत वजन वाचवायला आतली काळी काच बरेचदा गाळलेली असते, हे डब्यावर बघा. चोच हाताने, निदान एका नाण्याने, काढता येणारी हवी. लांब हायवेच्या दिवशी काढून घरी ठेवा.

एक गोष्ट हेल्मेटवर ढकलू नका. तुमच्या गाडीची समोरची काच छोटी असेल तर तिच्यावरून उसळलेला वारा बरोबर हेल्मेटवर आदळतो आणि डोकं थरथरतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगात, क्षणभर फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा. उभं राहिल्यावर थरथर आणि आवाज दोन्ही कमी झाले तर दोष गाडीच्या काचेचा आहे. नवीन हेल्मेटने तो जाणार नाही, काचेचा कोन किंवा उंची बदलून जाईल, आणि ते बरंच स्वस्त पडतं. आवाजासाठी फोमचे इअरप्लग घाला. या जातीचं शांत हेल्मेट मी अजून पाहिलेलं नाही.

तर वजन. कार्बनमुळे फक्त शेल हलकं होतं. थर्माकोल, काच, तिची यंत्रणा, अस्तर, पट्टा, चोच यांचं वजन तेवढंच राहतं, म्हणून फरक शे-दीडशे ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. कंपनीचा आकडा बहुधा मध्यम मापाच्या हेल्मेटचा असतो आणि त्याच्यासमोर ५० ग्रॅम कमी-जास्त असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुमचं माप एक्सएल असेल तर मोठं शेल येईल आणि १३५० चे १४५० होतील. दुकानात काटा मागा, तुमच्याच मापाचं हेल्मेट ठेवा. आणि हनुवटीवर अ‍ॅक्शन कॅमेरा लावणार असाल तर तो साधारण दीडशे ग्रॅमचा, तोही बरोबर पुढच्या टोकाला. म्हणजे कार्बनला दिलेले जास्तीचे पैसे तुम्ही स्वतःच तिथे चिकटवून परत केले.

कोणासाठी कार्बन योग्य? मानेचं जुनं दुखणं असेल, दिवसाला सात-आठ तास सलग गाडी चालवायची असेल, किंवा खरोखर कच्च्या वाटेवर उभं राहून चालवायचं असेल, जिथे प्रत्येक खड्ड्यात डोकं वर-खाली होतं, तिथे दीडशे ग्रॅम कामाला येतात. तुमचं बहुतेक चालवणं डांबरावर आहे. तुमच्या जागी मी नव्या नियमाचं फायबरचं हेल्मेट घेतलं असतं आणि उरलेल्या पैशांत पिनलॉक, एक जादा साधी काच, गालाच्या पॅडचा दुसरा जोड आणि एक बरा रेनकोट. दोन्ही हेल्मेटं डोक्याला सारखीच बसली आणि काचेच्या बाबतीतही सारखी ठरली, तर मात्र घ्या कार्बन, मी अडवणार नाही. आणि तुमचं ऐंशी टक्के फिरणं शंभरच्या पुढच्या वेगाचं हायवेचं असतं, तर मी तुम्हाला चोचीचं हेल्मेटच घेऊ दिलं नसतं.

वहिनींना असंच नको. मागे बसणाऱ्याला चोचीचा उपयोग नाही, कारण समोर तुमची पाठ असते. उलट प्रत्येक ब्रेकला त्यांची चोच तुमच्या हेल्मेटवर आपटेल आणि मांडूपर्यंत टकटक ऐकत जावं लागेल. शिवाय त्या तुमच्या खांद्यावरून बाजूला बघतात, तेव्हा मोकळा वारा त्यांच्या चोचीला आडवा धरतो. त्यांना साधं फुल-फेस, हलकं, उघडायला सोप्या पट्ट्याचं द्या. मागे बसणाऱ्याला हातात हँडल नसतं, दर थांब्यावर हेल्मेट काढलं-घातलं जातं, तेव्हा डबल डी-रिंगपेक्षा, म्हणजे दोन कड्यांतून ओवायच्या पट्ट्यापेक्षा, खटक्याचा पट्टा त्यांना सोयीचा. लांब केस बांधून अंबाडा मागे येत असेल तर माप तसंच केस बांधूनच घ्यायचं. त्यामुळे त्यांना दुकानात सोबत आणा, शनिवारी सकाळी या, तेव्हा गर्दी कमी असते आणि वीस-पंचवीस मिनिटं हेल्मेट घालून बसलं तरी कोणी उठवत नाही.